हॉकीच्या काठीवरील हात आणि त्याची मोजणी

(सुरत येथील मराठी माध्यमाच्या शाळांतील शिक्षक, पालक आणि नंदुरबार जिल्ह्यातून आलेले क्रीडा कार्यकर्ते यांच्यासमोर विभागाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर.)



ज्या गावात पौष महिन्यातही दुपारी पंखा लावावा की लावू नये असा प्रश्न पडतो, त्या गावात येऊन बर्फावरील हॉकीविषयी बोलण्याचे धाडस मी करीत आहे. सुरतेत बर्फ पाहावयाचा तो गोळेवाल्याच्या गाडीवर. तेव्हा हा विषय येथे कशासाठी, असे आपणांस वाटले तर त्यात वावगे काही नाही. परंतु बर्फावरील हॉकी शिकविणाऱ्या मंडळींनी एका गोष्टीचा फार बारकाईने विचार केलेला आहे. मुलाच्या हातातील काठी किती सफाईने चालते, हे नुसत्या नजरेने न ठरविता मोजून कसे ठरवावे, ही ती गोष्ट. तो विचार आपल्या मातीच्या मैदानावर, शाळेच्या फरशीवर किंवा चाकांच्या बुटांवर हॉकी खेळणाऱ्या मुलांच्या बाबतीत जसाच्या तसा उपयोगी पडतो, म्हणून मी तो आपल्यापुढे ठेवीत आहे.

शिवाय सुरत हे मोजणाऱ्यांचे शहर आहे. येथील हिऱ्याचा पारखी दगड प्रथम नजरेने उचलतो हे खरे. पण भाव बोलण्यापूर्वी तो दगड काट्यावर ठेवतो. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्या कॅरेटचेही शंभर भाग करून हिशेब होतो. मग दहापट मोठे दाखविणारे भिंग डोळ्याला लावून आतला डाग पाहावयाचा. मागावरचे सूतसुद्धा डेनिअरमध्ये सांगितले जाते. ९,००० मीटर सुताचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. ज्या शहरात धाग्याची जाडी तोलून सांगतात, त्याच शहरातील मागवाल्याच्या मुलाचा हात मात्र ‘बरा आहे’ किंवा ‘चालणार नाही’ एवढ्या दोन शब्दांत निकालात निघतो. हे मला योग्य वाटत नाही. त्याचे कारण मी आधी सांगतो, कारण ते माझ्या स्वतःच्या चुकीशी निगडित आहे.

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्यात शालेय मुलांची हॉकीची निवड चाचणी होती. जिल्ह्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. बातमी तयार करण्यासाठी मी तेथे उपस्थित होतो. शंभरावर मुले आली होती आणि दुपारपर्यंत निवड संपवावयाची होती. एकेक मुलगा पुढे यावयाचा, चेंडू घेऊन मैदानाच्या मध्यापर्यंत जावयाचा आणि परत यावयाचा; टेबलाजवळ बसलेले गृहस्थ मान हलवावयाचे. कागदावर एक तर बरोबरची खूण नाही तर फुली. त्यांत साधारण बारा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे वडील येथे सुरतेत मागावर कामाला, बारा-बारा तासांच्या पाळ्या. मुलगा आजीकडे गावी राहिलेला. त्याच्या हातातील काठी थोरल्या चुलतभावाची असावी, कारण ती त्याच्या बरगड्यांपर्यंत येत होती. मैदानाच्या ज्या कडेला त्याला धावावयास लावले त्या कडेला आदल्या दिवशी पाण्याचा टँकर उभा राहिलेला होता आणि चाकोऱ्या पडल्या होत्या. चेंडू चाकोरीत अडकला, काठीचे टोक पोटात रुतले, आणि फुली पडली. सर्व मिळून अर्धा मिनिटही झाला नसेल.

मी सायंकाळी कार्यालयात बसून बातमी लिहिली. ‘काटेकोर गुणवत्तेच्या आधारे निवड’ असे शब्द तीत होते. ते माझेच शब्द. मला कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या मुलाची आई कार्यालयात आली. तिने वर्तमानपत्राचे कात्रण आणले होते. ती रागावलेली नव्हती. तिने एवढेच विचारले, ‘‘साहेब, मना पोऱ्याले कितला मार्क पडनात?’’ गुणवत्ता म्हटली म्हणजे गुण असणारच, हे तिचे गणित सरळ होते. मी निवडीचे कागद मागवून घेतले. गुण नव्हतेच. फुली होती. फुलीला किती मार्क म्हणतात, हे मला त्या बाईंना सांगता आले नाही.

मी कलाशाखेचा पदवीधर; मराठीच्या वर्गात अलंकार शिकलो, घड्याळ लावून धावणे मोजण्याशी माझा संबंध नव्हता. परंतु ‘कितला’ हा प्रश्न माझ्या मागे लागला आणि त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. आजचे भाषण हे त्या वाचनाचे फळ आहे. त्यात काही कमी-जास्त असेल तर येथील क्रीडाशिक्षकांनी मला जरूर दुरुस्त करावे.

प्रथम दोन्ही खेळांतील साहित्य पाहू. बर्फावरील हॉकीत चेंडू नसतो. कडक केलेल्या रबराची एक जाड चकती असते, तिला पक म्हणतात. तिचा व्यास साधारण ७.६ सेंटिमीटर आणि जाडी अडीच सेंटिमीटर. वजन १५६ ते १७० ग्रॅम. आपल्या मैदानी हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. म्हणजे हाताला जाणवणारा भार जवळजवळ एकच, आणि गंमत अशी की क्रिकेटचा चेंडूही त्याच वजनाचा असतो. फरक आहे तो काठीत. बर्फावरील काठीचे पाते दोन्ही बाजूंनी वापरता येते, आणि डावखुऱ्यासाठी व उजव्यासाठी वेगळ्या काठ्या मिळतात. मैदानी हॉकीत डावखुऱ्याची काठी नाहीच. काठीची डावीकडची बाजू सपाट, उजवीकडची गोलाकार. गोलाकार पाठीने चेंडू खेळता येत नाही. त्यामुळे चेंडू उजवीकडून डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे न्यावयाचा तर प्रत्येक वेळी काठी मनगटात उलटी फिरवावी लागते. भारतीय खेळाडूंनी जगाला दाखविलेली करामत ती हीच. डावा हात काठीच्या शेंड्याला घट्ट, तो काठी फिरवितो. उजवा हात खाली, सैल, एखाद्या नळीसारखा, त्यात काठी नुसती फिरते. नवशिक्या मुलाचे दोन्ही हात घट्ट असतात, म्हणून त्याचा चेंडू ठोके खात जातो. बर्फावरील खेळाडूचेही वर्म हेच आहे: वरचा हात हुकमाचा, खालचा हात सैल, आणि डोळे पकवर नव्हे तर समोर.

ध्यानचंद यांच्या काठीत चुंबक आहे की काय, या शंकेने परदेशात ती तपासून पाहिल्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. कथा खरी-खोटी कशीही असो. त्यात काठीची परीक्षा झाली, हाताची नव्हे. आपल्या बहुतेक निवड चाचण्यांचे तसेच होते.

महाराष्ट्रात क्रीडा प्रबोधिनीत मुलांना घेताना शारीरिक क्षमतेच्या चाचण्या घेतात. उंची, वजन, उभ्याने लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉल फेकणे, ३० मीटर धाव, शटल रन, पुढे वाकणे, ८०० मीटर धाव, अशा त्या आहेत. ही पद्धत मला मनापासून आवडते, कारण तीत नंदुरबारच्या पाड्यावरील मुलगा आणि पुण्याच्या शाळेतील मुलगा एकाच फितीने मोजला जातो. गुजरातेतही २०१० पासून खेल महाकुंभाच्या निमित्ताने गावोगावची मुले मैदानावर येऊ लागली आणि त्यांच्यातून निवड करण्याचा प्रश्न तेथेही उभा राहिला. परंतु शरीराची चाचणी शरीराविषयी सांगते. उंच उडी मारणाऱ्या मुलाचे मनगट काठीवर वळेल की नाही, हे तिला विचारून उपयोग नाही. त्यासाठी खेळातील कौशल्याची वेगळी चाचणी हवी, आणि ती चाचणीही तितकीच काटेकोर हवी.

अशा चाचण्या आजच्या नाहीत. अमेरिकेत १९४० मध्ये श्मिथल्स आणि फ्रेंच या दोघींनी महाविद्यालयीन मुलींसाठी मैदानी हॉकीच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. आपल्याकडे हरबन्स सिंग यांच्या नावाची हॉकी चाचणी शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना शिकवितात. तीत काठीवर चेंडू तोलून धरणे, लक्ष्यावर मारणे, गोल करणे आणि चेंडू घेऊन जाणे असे भाग आहेत. बर्फावरील हॉकीसाठी मेरीफिल्ड आणि वॉलफोर्ड यांनी १९६९ मध्ये सहा चाचण्या करून पाहिल्या: पुढे घसरण्याचा वेग, मागे घसरण्याचा वेग, चपळाई, पक घेऊन वळणे घेत जाणे, नेम आणि पास. शेवटी त्यांनी नेम आणि पास या दोन बाजूला ठेवल्या. का? तर तोच खेळाडू पुन्हा उभा केला की त्याचे गुण पहिल्यासारखे येईनात. म्हणजे दोष खेळाडूत नव्हता, मापात होता. ज्या तराजूवर एकच दगड दोनदा ठेवला असता दोन वजने येतात, तो तराजू सुरतेच्या बाजारात किती दिवस टिकेल? मापातील या गुणाला विश्वसनीयता म्हणतात. मला वाटते, निवड समितीच्या कोणत्याही सभासदाने चाचणी सुरू करण्यापूर्वी हा एक शब्द शिकावा. बाकीचे मागाहून शिकले तरी चालेल.

आता मला सर्वांत उपयुक्त वाटलेला विचार सांगतो. हॉलंडमधील ग्रोनिंगेन विद्यापीठात लेमिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण हॉकीपटूंसाठी दोन चाचण्या तपासल्या आणि २००४ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकीत ३० मीटरच्या मार्गावर शंकू नागमोडी मांडलेले असतात. खेळाडू तो मार्ग प्रथम हातात काठी घेऊन, पण चेंडूविना धावतो. नंतर तोच मार्ग चेंडू घेऊन धावतो. दोन्ही वेळा नोंदवितात आणि एकीतून दुसरी वजा करतात. उरतो तो चेंडूचा खर्च. मुलगा मुळातच वेगवान असेल तर त्याची चेंडूसह वेळही चांगली येणार; परंतु तेवढ्यावरून त्याचा हात चांगला ठरत नाही. वजाबाकी केली की पाय बाजूला होतात आणि हात उरतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, पहिला मुलगा चेंडूविना १० सेकंदांत आला आणि चेंडूसह १४ सेकंदांत. दुसरा चेंडूविना ९ सेकंदांत आणि चेंडूसह १३.६ सेकंदांत. टेबलावरचे गृहस्थ दुसऱ्याला घेतील, कारण तो आधी पोहोचला. पण पहिल्याचा चेंडूचा खर्च ४ सेकंद आहे, दुसऱ्याचा ४.६. पहिल्याचा हात सरस आहे. त्याचे पाय कच्चे आहेत, आणि बाराव्या वर्षी पाय पुष्कळ वाढावयाचे असतात. एका बेरीज-वजाबाकीने निवड उलटी होऊ शकते. माझ्या मते ही वजाबाकी प्रत्येक शाळेच्या वहीत असली पाहिजे.

सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशी कुटुंबांची दाट वस्ती आहे. तेथील शाळेच्या अंगणात काय करता येईल, ते आता तपशिलाने सांगतो. कारण पुस्तकातील चाचणीला कृत्रिम गवत लागते, आणि ते आपल्यापाशी नाही.

प्लॅस्टिकच्या पाण्याच्या सहा बाटल्या घ्याव्यात आणि त्यांत वाळू भरावी. विटा ठेवू नयेत. मुले पडली की लागते. अंगणाची समतल बाजू निवडून, झाडून, चुन्याने एक सरळ रेघ ओढावी. आरंभरेषेपासून २ मीटरवर पहिली बाटली, आणि पुढे २-२ मीटर अंतरावर बाकीच्या. मुलाने बाटल्यांच्या आलटून पालटून डाव्या-उजव्या बाजूने जावे, शेवटच्या बाटलीला वळसा घालावा आणि तसेच नागमोडी परत यावे. चेंडू सुटला तर तो स्वतः आणून जेथून सुटला तेथूनच पुढे जावे. घड्याळ थांबवू नये. बाटली पडली तर वेगळी खूण करावी. प्रत्येक मुलास एकदा सरावासाठी जाऊ द्यावे, ती फेरी मोजू नये. मग तीन फेऱ्या चेंडूविना आणि तीन फेऱ्या चेंडूसह, मध्ये पुरेशी विश्रांती देऊन घ्याव्यात, आणि तिन्हींपैकी मधली वेळ धरावी. सर्वांत चांगली वेळ का नाही, असे मला एका शिक्षकांनी विचारले होते. चांगली वेळ कधी नशिबाने येते, वाईट वेळ कधी खड्याने येते. मधली वेळ बहुधा मुलाचीच असते. घड्याळासाठी मोबाईल पुरतो. मात्र दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे वेळ घ्यावी आणि एकमेकांस न सांगता लिहावी. दोघांच्या आकड्यांत फार अंतर पडू लागले तर मुलांची चाचणी थांबवून आधी शिक्षकांची घ्यावी.

दुसरी चाचणी जागेवरची आहे, ती व्हरांड्यातील कोटा फरशीवरही घेता येते. पावसाळ्यात तेवढीच जागा कोरडी असते. खडूने अर्धा मीटर अंतरावर दोन समांतर रेषा काढाव्यात. मुलाने मध्ये उभे राहून २० सेकंदांत चेंडू एका रेषेपलीकडून दुसऱ्या रेषेपलीकडे किती वेळा नेला, ते मोजावे. काठी उलटी न फिरविता चेंडू पाठीने ढकलला तर ती खेप धरू नये. चाकांवरील हॉकी शिकणाऱ्या मुलांसाठी हीच चाचणी प्रथम साध्या बुटांवर आणि मग चाकांच्या बुटांवर घ्यावी. दोहोंतील फरक म्हणजे तोल सांभाळण्याचा खर्च. येथेही वजाबाकीच.

तिसरी चाचणी मला सर्वांत आवडते, आणि तिला काहीच साहित्य लागत नाही. बाटल्यांच्या मार्गावर मुलगा चेंडू घेऊन येत असताना शिक्षकाने शेवटच्या बाटलीच्या पलीकडे त्याच्याकडे तोंड करून उभे राहावे आणि वाटेत तीनदा बोटे वर करावीत. कधी दोन, कधी चार. मुलाने धावता धावता आकडा मोठ्याने सांगावा. तीनपैकी किती बरोबर आले ते लिहावे आणि वेळही लिहावी. पहिल्या चाचणीत चमकलेली काही मुले येथे एकदम अडखळतात, कारण त्यांचे डोळे चेंडूला बांधलेले असतात. सामन्यात समोरून अंगावर येणारा खेळाडू बोटे दाखवीत नाही, पण तो कोठून येत आहे हे पाहावे लागतेच. एकट्याने बाटल्यांमधून जाणे आणि माणसांमधून जाणे यांतले अंतर ही चाचणी थोडेसे तरी भरून काढते.

पूर्ण मात्र नाही. चाचणीत उत्तम आणि सामन्यात हरवलेला असा मुलगा प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला असतो. म्हणून आकडे लिहून झाल्यावर मुलांचे दोन सामने लावावेत आणि तीन शिक्षकांनी आपापल्या मनाने, एकमेकांशी न बोलता, मुलांचा क्रम लावावा. घड्याळाचा क्रम आणि नजरेचा क्रम साधारण जुळला तर चाचणी खऱ्या खेळाशी नाते सांगते असे समजावे. एखाद्याच मुलाच्या बाबतीत दोन्ही क्रम अगदी विरुद्ध आले तर त्या मुलाला पुन्हा बोलवावे. फुली मारू नये. आणि आठ दिवसांनी त्याच अंगणात, त्याच वेळी, सर्व मुलांची तीच चाचणी पुन्हा घ्यावी. विश्वसनीयता म्हणतात ती तेव्हा कळते.

त्याच अंगणात असे मी मुद्दाम म्हटले. लडाखमध्ये नैसर्गिक बर्फावर हॉकी खेळतात. हिवाळ्यातील थोडे आठवडेच तळी गोठून खेळण्याजोगी होतात. तेथे सकाळचा कडक बर्फ आणि उन्हाने मऊ झालेला दुपारचा बर्फ एक नसतो. सकाळी आलेल्या मुलाची वेळ दुपारी आलेल्या मुलाशी लावून पाहणे म्हणजे अन्यायच. आपल्याकडे बर्फ नाही, पण दव आहे, चिखल आहे आणि टँकरची चाकोरी आहे. त्याच लडाखमधील मुलींच्या बळावर उभ्या राहिलेल्या भारतीय महिला संघाने २०१७ मध्ये बँकॉक येथे फिलिपिन्सला ४-३ असे हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळविला आणि २०२५ च्या आशिया चषकात कांस्यपदक आणले. कृत्रिम बर्फाच्या मैदानावर वर्षभर सराव करणाऱ्या संघांशी त्या खेळल्या, हे ध्यानात घ्यावे.

काठीच्या मापाकडेही तितकेच लक्ष हवे. मैदानी हॉकीची काठी जमिनीवर उभी धरली असता साधारण मुलाच्या कंबरेच्या वर, बेंबीच्या आसपास यावी. बर्फावरील काठी बूट न घालता हनुवटीच्या आसपास यावी. ज्याच्या घरात काठी विकत घेता येत नाही तो मागून आणतो, आणि मागून आणलेली काठी मापाची नसते. धनराज पिल्ले पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या काठ्यांनी खेळत मोठे झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढे गुजरातच्या क्रीडा प्राधिकरणाच्या हॉकी प्रबोधिनीशीही त्यांचे नाव जोडले गेले. त्यांची गोष्ट आपण मुलांना स्फूर्ती देण्यासाठी सांगतो. परंतु मोडक्या काठीमुळे जे मागे राहिले त्यांची गोष्ट सांगावयास कोणी नसते. म्हणून चाचणीच्या दिवशी शाळेने लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन मापांच्या काठ्या ठेवाव्यात आणि सर्वांची चाचणी त्याच काठ्यांवर घ्यावी. घरची उत्तम काठी घेऊन येणाऱ्या मुलासही तीच.

आता जन्मतारखेविषयी. कॅनडात बर्फावरील हॉकीचे वयोगट १ जानेवारीपासून धरतात. रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये असे दाखविले की वरच्या श्रेणीतील खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या शेवटच्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांपेक्षा ठळकपणे अधिक आहे. जानेवारीत जन्मलेले बाळ काही हातात काठी घेऊन येत नाही. पण नऊ वर्षांच्या गटात जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ एका वर्षाने मोठा असतो. तो थोडा उंच, थोडा बळकट दिसतो, निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक आणि अधिक सराव मिळतो, आणि पुढे तो खरोखरच सरस होतो. सुरुवातीचा नजरेचा गोंधळ शेवटी खरा ठरतो.

आपल्याकडे हा गोंधळ आणखी एका पायरीने वाढतो. या सभेतील किती जणांचा वाढदिवस कागदावर १ जून आहे? (हशा) माझ्या वडिलांचाही तोच आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी मुलाच्या कानाला हात पोहोचतो की नाही हे पाहिले आणि १ जून लिहून टाकले. आजही गावाकडून उशिरा दाखल झालेल्या मुलांच्या बाबतीत कागदावरील वय आणि हाडांचे वय एक असेलच असे नाही. कारकुनाला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु निवड करणाऱ्याने नुसत्या जन्मतारखेवर विसंबू नये. वहीत वेळेच्या शेजारी उंची आणि वजन लिहावे. चणीने सारख्या मुलांची एकमेकांशी तुलना करावी. आणि वर्षातून दोनदा, म्हणजे दिवाळीपूर्वी आणि परीक्षेनंतर, तीच चाचणी घेऊन कोणाचा चेंडूचा खर्च किती कमी झाला ते पाहावे. चार सेकंदांवरून सव्वातीनवर आलेला बुटका मुलगा मला पहिल्या दिवशी साडेतीनवर असलेल्या उंच मुलापेक्षा अधिक आशादायक वाटतो. हे माझे मत आहे. येथील अनुभवी क्रीडाशिक्षकांचे ते वेगळे असू शकेल.

एक सूचना पालकांसाठी. चाचणीचा आकडा घरी कळला की काही घरांत तो परीक्षेच्या निकालासारखा भिंतीवर लागतो आणि मुलाला बाटल्यांमधून रोज पन्नास फेऱ्या मारावयास लावतात. मुलगा मग बाटल्यांत पटाईत होतो, हॉकीत नव्हे. त्याला गल्लीत चार मित्रांबरोबर टेनिसच्या चेंडूने खेळू द्यावे. कॅनडातील मुलेही उन्हाळ्यात रस्त्यावर टेनिसच्या चेंडूनेच बर्फावरील हॉकीचा हात तयार ठेवतात.

आणि मुलाने आकडा विचारला तर तो त्याला सांगावा. त्याच्या वहीत त्याच्या हाताने लिहू द्यावा. त्या बाई पुन्हा मला भेटल्या नाहीत. मुलगा पुढे सुरतेस वडिलांकडे आला असे कळले. तो या भागातल्या कोणत्या शाळेत गेला, की शाळेत गेलाच नाही, हे मला समजले नाही. आज तो मिसरूड फुटलेला तरुण असेल.

भाषणापूर्वी लिंबायतच्या एका शिक्षिकेने चिठ्ठी दिली होती, तिला उत्तर देऊन थांबतो. त्या विचारतात: शाळेत दोनच काठ्या आहेत आणि मुले चाळीस, शिवाय मुलींना घेऊ की नको? चाचणीसाठी दोन काठ्या पुरतात, कारण एका वेळी एकच मूल धावते. एका दिवशी दहा मुले घेतली तर चार दिवसांत वर्ग पुरा होतो. मात्र चारही दिवस वेळ आणि अंगणाची बाजू तीच ठेवावी. दोन काठ्यांत सराव होणार नाही, त्यासाठी मागणीपत्र द्यावे लागेल. आणि त्या मागणीपत्राला चाळीस मुलांचे आकडे जोडावेत, नुसता अर्ज पाठवू नये. मुलींना अवश्य घ्यावे. मार्ग तोच, घड्याळ तेच, वहीचे पानही तेच.

बाटल्यांत वाळू भरून त्या बाहेर अंगणात मांडल्या आहेत आणि तीन मापांच्या काठ्या आणल्या आहेत. घड्याळ धरण्यास दोन शिक्षकांनी कृपया पुढे यावे. पहिल्या पाच मुलांची चाचणी आपण आताच, ऊन उतरण्यापूर्वी घेऊ.